मेडनहेडला वीज कोठून येते?

इंग्लंडमध्ये टेम्स नावाची नदी आहे. लंडन शहर याच नदीच्या काठी वसले आहे. लंडनपासून पश्चिमेला सुमारे चाळीस किलोमीटर गेले, की याच नदीच्या काठी मेडनहेड हे गाव लागते. तेथे बाजारपेठ आहे, शाळा आहेत, रेल्वे स्टेशन आहे आणि नदीवर विटांचा एक जुना रेल्वेपूल आहे.

हा पूल पाहण्यासारखा आहे. ब्रुनेल नावाच्या इंजिनिअराने तो बांधला. १८३९ साली त्यावरून पहिल्या गाड्या धावू लागल्या. पुलाला दोन मोठ्या कमानी आहेत. प्रत्येक कमान सुमारे ३९ मीटर रुंद आहे आणि इतकी चपटी आहे, की लोक म्हणत, "ही टिकायची नाही, पडणार!" ती पडली नाही. आजही उभी आहे.

टर्नर नावाच्या चित्रकाराने या पुलाचे चित्र काढले. ते १८४४ साली लोकांना दाखवण्यात आले. चित्रात पाऊस पडतो आहे, धुके दाटले आहे आणि त्यातून कोळशाची आगगाडी धूर सोडत पुलावरून येते आहे. त्या काळी धूर दिसला, की लोकांना वाटे, देशाची प्रगती होते आहे. धुराचे पुढे काय होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नसे.

आज त्या पुलावर विजेच्या तारा आहेत. २०१७ पासून लंडन ते मेडनहेड विजेच्या गाड्या धावू लागल्या. या गाड्या धूर सोडत नाहीत. मग धूर संपला का? मुलांनो, येथे थोडे थांबून विचार करा. गाडी धूर सोडत नाही, पण तिला लागणारी वीज कोठेतरी तयार करावी लागते. ती जर कोळसा जाळून केली, तर धूर गाडीच्या डोक्यावरून निघून दूरच्या धुराड्यात गेला, एवढेच.

कोळशावर वीज कशी तयार होते, ते तुम्हांला ठाऊक असेल. चंद्रपूर, कोराडी, नाशिक येथे अशी औष्णिक विद्युत केंद्रे आहेत. कोळसा जाळून पाणी उकळवतात. वाफेच्या जोराने मोठे चाक फिरते. चाकाबरोबर जनित्र फिरते आणि वीज निर्माण होते. लोकांना वीज विकण्यासाठी कोळशावर चालणारे पहिले केंद्र १८८२ साली लंडनमध्येच सुरू झाले. पुढे साऱ्या जगाने तोच मार्ग धरला.

कोळसा, तेल, वायू यांपैकी काहीही जाळले, की कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू हवेत मिसळतो. हा वायू डोळ्यांना दिसत नाही. तो पृथ्वीभोवती गोधडीसारखे काम करतो. थंडीत आपण गोधडी पांघरतो, तेव्हा गोधडी स्वतः काही उष्णता देत नाही. आपल्या अंगची उष्णता ती बाहेर जाऊ देत नाही, म्हणून आपल्याला ऊब मिळते. पृथ्वीलाही अशी पातळ गोधडी हवीच, नाहीतर येथे सारे गोठून जाईल. पण गोधडीवर गोधडी टाकत गेलो तर? कारखाने येण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आता ४२० हून अधिक आहेत. पृथ्वी तेव्हापेक्षा सरासरीने सुमारे सव्वा अंश सेल्सिअसने तापली आहे.

सव्वा अंश म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण हवा एक अंशाने तापली, की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. मग पाऊस पडतो तेव्हा जोरात कोसळतो. कोल्हापूर, सांगली भागातील मुलांना २०१९ चा पूर आठवत असेल, नाहीतर घरच्यांनी सांगितला असेल. प्रत्येक पूर याच कारणाने येतो असे मात्र नाही. नदी पूर्वीही फुगत असे. आता जोरदार पावसाचे दिवस वाढत चालले आहेत.

मेडनहेडलाही पुराचा त्रास जुनाच आहे. १९४७ सालचा पूर तेथील लोक अजून विसरले नाहीत. त्यावर उपाय म्हणून टेम्सला समांतर असा साडेअकरा किलोमीटरांहून लांब नवा प्रवाहच खणला. २००२ साली तो पूर्ण झाला. त्याचे नाव ज्युबिली नदी. नदीला पूर आला, की जादा पाणी या प्रवाहात सोडतात आणि मेडनहेड वाचते. पण २००३ साली आणि पुन्हा २०१४ साली खालच्या अंगाला असलेल्या डॅचेट, रेझबरी या गावांत पाणी शिरले. "तुमचे पाणी आमच्या दारात आले," असे तेथील लोक म्हणू लागले. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. प्रवाह त्यांच्या गावांच्या वरच संपतो.

नदीकाठचे लोक भिंत बांधू शकतात, प्रवाह खणू शकतात. हवेतील गोधडी मात्र एकट्या गावाला काढता येत नाही. ती ज्यांच्यामुळे जाड झाली, त्यांच्यात वीज कंपन्यांचा वाटा मोठा आहे. तेव्हा आता कंपन्यांकडे वळू.

मेडनहेडला लागून लिटलविक ग्रीन नावाची वस्ती आहे. इंग्लंडच्या दक्षिण भागाला वीज पुरवणाऱ्या मंडळाचे मुख्य कार्यालय तेथे होते. हे मंडळ १९४८ साली सरकारने स्थापन केले. आपल्याकडे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ होते ना, तसेच. २००५ साली आपल्या मंडळाचे वेगवेगळ्या कंपन्यांत विभाजन झाले. मेडनहेडच्या मंडळाची १९९० साली सदर्न इलेक्ट्रिक नावाची खाजगी कंपनी झाली. १९९८ साली स्कॉटलंडमधील एक कंपनी आणि ही कंपनी एकत्र आल्या. आज त्या कंपनीला एसएसई म्हणतात. मेडनहेडच्या घरांपर्यंत येणाऱ्या तारा आजही तिच्याच ताब्यात आहेत.

या कंपनीची कोळशावर चालणारी मोठी केंद्रे होती. फेरीब्रिज आणि फिडलर्स फेरी ही त्यांतली दोन. मैलोगणती दुरून त्यांचे मनोरे दिसत. फेरीब्रिजचे केंद्र २०१६ साली बंद झाले आणि फिडलर्स फेरीचे २०२० साली. तेथे काम करणाऱ्या माणसांना दुसरे काम शोधावे लागले. केंद्र बंद झाल्याची बातमी एका ओळीत संपते, पण ज्या घरात बाप आणि आजा दोघेही त्याच केंद्रात राबले, त्या घराला ती एक ओळ फार जड जाते.

कोळसा बंद केला, तर वीज आणायची कोठून? मेडनहेडपासून जेमतेम दहा किलोमीटरवर विंडसर आहे. तेथे इंग्लंडच्या राजाचा किल्ला आहे. त्याच्याजवळ टेम्स नदीवर एक बांध आहे. २०११ साली त्या बांधावर लोखंडाचे दोन प्रचंड मळसूत्री पंप बसवले. एकेकाचे वजन सुमारे ४० टन! असे पंप फार प्राचीन आहेत. आर्किमिडीज या ग्रीक विद्वानाचे नाव त्यांना आहे. पूर्वी ते हाताने फिरवून पाणी वर चढवत. विंडसरला उलटे केले. वरून पाणी सोडले, की मळसूत्र फिरते आणि वीज तयार होते. आपल्या मोटेचे पाणी उलट दिशेने खाली सोडून बैलांना फिरवावे, तसेच हे! ती वीज किल्ल्याला मिळते. ही दोन्ही मळसूत्रे मिळून सुमारे ३०० किलोवॅट वीज देतात. राजाच्या किल्ल्याला ती उपयोगी पडते, पण सगळ्या इंग्लंडला ती कशी पुरणार?

म्हणून आता नदी सोडून समुद्रावर जाऊ. इंग्लंडच्या पूर्वेला उत्तर समुद्र आहे. त्यात किनाऱ्यापासून १३० किलोमीटरांहून दूर डॉगर बँक नावाचा उथळ भाग आहे. मुंबईहून निघून जवळजवळ पुण्याला पोहोचावे, एवढे हे अंतर. हजारो वर्षांपूर्वी तेथे कोरडी जमीन होती. माणसे तेथे शिकार करत. पुढे बर्फ वितळले, समुद्र चढला आणि ती जमीन बुडाली. मासेमारांच्या जाळ्यात तेथून कधी कधी मॅमथ नावाच्या केसाळ हत्तींची हाडे येतात.

या बुडालेल्या जमिनीवर आता पवनचक्क्या उभ्या राहत आहेत. एकूण २७७ उभारायच्या आहेत. तेथील एका पात्याची लांबी १०७ मीटर आहे. माडाची पाच झाडे एकावर एक उभी करा, तेव्हा कोठे तेवढी उंची होईल. यांतली एक चक्की १३ मेगावॅट, म्हणजे विंडसरच्या दोन्ही मळसूत्रांच्या चाळीसपटीहून अधिक वीज देऊ शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये येथील पहिली वीज देशाच्या तारांत आली. सारे काम पूर्ण झाल्यावर क्षमता ३,६०० मेगावॅट होईल. आपल्या कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. मात्र वारा पडला, की पवनचक्की थांबते, हे विसरून चालणार नाही.

हे काम एसएसईने एकटीने अंगावर घेतले नाही. खोल पाण्यात पाया घालायचा, वादळात माणसे न्यायची, समुद्राच्या तळातून केबल टाकायची, यासाठी लागणारा पैसा अफाट असतो आणि तो बुडण्याची भीतीही तेवढीच असते. तुमच्या गावात दोन-तीन शेतकरी मिळून सामायिक विहीर खणतात ना? पाणी लागले तर सर्वांचे, नाही लागले तर तोटाही वाटून. डॉगर बँकेत एसएसईचा वाटा ४० टक्के आहे, नॉर्वेच्या इक्विनॉर कंपनीचा ४० टक्के आहे आणि उरलेले २० टक्के नॉर्वेतील आणखी एका कंपनीचे आहेत. यालाच भागीदारी म्हणतात.

इक्विनॉर ही मुळात समुद्रातून तेल आणि वायू काढणारी कंपनी. ते काम ती आजही करते. मग ती पवनचक्क्या का उभारते? वादळी समुद्रात काम करण्याचा पन्नास वर्षांचा अनुभव तिच्याकडे आहे. एसएसईला तोच हवा होता. पण एका हाताने तेल काढायचे आणि दुसऱ्या हाताने पवनचक्क्या उभारायच्या, हे काहींना पटत नाही. तुम्हांला काय वाटते, ते वर्गात बोला. बाईंचे आणि गुरुजींचेही मत विचारा.

भागीदार मिळाले, तरी एक अडचण राहतेच. पवनचक्की एकदा उभारली, की ती पंचवीस-तीस वर्षे चालायची. एवढ्या वर्षांत विजेला काय भाव मिळेल, कोणी सांगावे? कांद्याचे उदाहरण घ्या. लावताना भाव चांगला असतो आणि काढणीला येईपर्यंत पार कोसळतो. म्हणून शेतकरी हमीभाव मागतो. वीज कंपन्यांनीही ब्रिटनच्या सरकारकडे जवळजवळ तेच मागितले.

सरकारने तशी पद्धत सुरू केली. ती अशी : आधी एक ठरावीक भाव ठरतो. बाजारात भाव त्याहून खाली गेला, तर फरकाचे पैसे कंपनीला मिळतात. बाजारभाव वर गेला, तर जादा पैसे कंपनीने परत करायचे. ही दुसरी अट महत्त्वाची आहे. २०२१ च्या अखेरीस युरोपात वायू फार महागला आणि त्याबरोबर वीजही. त्या हिवाळ्यात असे करार केलेल्या पवनचक्क्यांनी खरोखरच पैसे परत केले.

ठरावीक भाव कसा ठरतो? उलट्या लिलावाने. नेहमीच्या लिलावात जो जास्त बोली लावतो, तो जिंकतो. येथे जो सर्वांत स्वस्त वीज देईन म्हणतो, तो जिंकतो. डॉगर बँकेला २०१९ च्या लिलावात असा करार मिळाला.

पण २०२३ साली मोठी फजिती झाली. लिलावात यापेक्षा जास्त भाव मिळणार नाही, अशी एक मर्यादा सरकार घालते. त्या वर्षी लोखंड महागले होते, कर्जाचे व्याज वाढले होते. कंपन्या सांगत होत्या, "एवढ्या भावात परवडत नाही." सरकारने ऐकले नाही. लिलावाचा दिवस उजाडला आणि समुद्रातील पवनचक्क्यांसाठी एकही कंपनी आली नाही. एक वर्ष वाया गेले. पुढच्या लिलावात सरकारने मर्यादा वाढवली, तेव्हा कंपन्या परत आल्या. या वेळी कंपन्यांचे म्हणणे खरे निघाले. ते दर वेळी खरे असते असे मात्र समजू नका. भाव वाढवून मागणे विक्रेत्याला नेहमीच आवडते, आणि तो वाढलेला भाव शेवटी घराघरांतल्या वीजबिलात येतो.

म्हणूनच सरकार आणि कंपनी यांच्यातले बोलणे बंद दाराआड होऊ नये. सरकार नवा नियम करताना त्याचा मसुदा आधी प्रसिद्ध करते. त्यावर कोणीही लेखी मत देऊ शकतो, कंपनी देते तसे गावकरीही देतात. आपल्याकडे वर्तमानपत्रात 'हरकती व सूचना मागवीत आहोत' अशी जाहिरात येते, ती हीच गोष्ट. विजेचे दर ठरवण्यापूर्वी महाराष्ट्र वीज नियामक आयोग जनसुनावणी घेतो. तेथे एखादा साधा ग्राहकही उभा राहून बोलू शकतो. फार थोडे लोक जातात, हे खरे.

आता पुन्हा मेडनहेडकडे येऊ. १९९७ पासून २०२४ पर्यंत थेरेसा मे या मेडनहेडच्या खासदार होत्या. २०१६ ते २०१९ या काळात त्या ब्रिटनच्या पंतप्रधान होत्या. २००८ साली ब्रिटनने हवामानाविषयी एक कायदा केला होता. १९९० साली देश जेवढा वायू हवेत सोडत असे, त्यात २०५० पर्यंत ८० टक्के घट करायची, असे त्यात म्हटले होते. २०१९ साली शंभराहून अधिक उद्योग आणि संस्थांनी पंतप्रधानांना पत्र लिहून हे लक्ष्य वाढवायला सांगितले. त्याआधी सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीनेही तसेच सुचवले होते. २७ जून २०१९ रोजी कायद्यात बदल झाला. आता लक्ष्य असे, की २०५० साली देश जेवढा वायू सोडेल, तेवढा शोषून घेण्याची सोयही झालेली असेल. झाडे, दलदली आणि यंत्रे यांच्या साहाय्याने ती करायची आहे.

उद्योगांनी स्वतःहून कडक कायदा का मागावा? कारण सोपे आहे. उद्या काय नियम असेल, हे आज कळले, की पैसा कोठे गुंतवावा हे ठरवता येते. नियम आज एक, उद्या दुसरा असेल, तर सर्वांत आधी घाबरते ती तीस वर्षांची पवनचक्की उभारणारी कंपनी. तिचा फायदा आणि हवेचा फायदा येथे एका दिशेला आले. ते नेहमी येतातच असे नाही. याच एसएसईने २०२३ साली कीडबी येथे वायूवर चालणारे नवे केंद्रही सुरू केले. वारा पडल्यावर दिवे कशाने लागणार, असे कंपनी विचारते. वायू जाळला, तरी कार्बन डायऑक्साइड निघतोच, असे तिचे टीकाकार म्हणतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

देशांचीही भागीदारी असते. २०१७ साली ब्रिटन आणि कॅनडा यांनी कोळसा सोडू इच्छिणाऱ्यांची एक आघाडी सुरू केली. तिच्यात देश आहेत, शहरे आहेत आणि कंपन्याही आहेत. २०२१ साली ग्लासगो येथे हवामानाविषयी जागतिक परिषद भरली, तेव्हा एसएसई तिच्या प्रमुख सहयोगी कंपन्यांपैकी एक होती. अशा ठिकाणी कंपनीचे नाव मोठ्या फलकावर झळकते. फलक पाहावा, पण कंपनीचा हिशेबही पाहावा.

सध्या तेथे नवा वाद आहे, तो तारांचा. स्कॉटलंडमध्ये वारा भरपूर आहे आणि पवनचक्क्याही. पण तेथली सगळी वीज दक्षिणेकडे आणण्याइतक्या तारा नाहीत. म्हणून जोराचा वारा असतानाही काही पवनचक्क्या थांबवून ठेवाव्या लागतात. धरण भरून वाहते आहे आणि कालवाच अरुंद, अशातली गत! नव्या तारांसाठी उंच मनोरे उभारायचे म्हटले, तर डोंगरातील गावे म्हणतात, "आमच्या शेतातून नको." त्या गावांना समजावण्याचे काम अजून चालू आहे.

३० सप्टेंबर २०२४ रोजी ब्रिटनमधील कोळशावर चालणारे शेवटचे वीजकेंद्र बंद झाले. ते रॅटक्लिफ येथे होते. २०१२ साली त्या देशाची सुमारे चाळीस टक्के वीज कोळशापासून होत होती. बारा वर्षांत ती शून्यावर आली. ज्या देशाने १८८२ साली कोळशाचे पहिले केंद्र सुरू केले, त्यानेच १४२ वर्षांनी शेवटचे बंद केले. आपल्या देशात कोळशाची वीज अजून सर्वांत जास्त आहे. त्याबरोबर साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरत आहेत आणि धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात सौरऊर्जेचे मोठे केंद्र आहे.

मेडनहेडच्या दिव्यात नेमकी कोणत्या चक्कीची वीज येते, हे मात्र कोणालाच सांगता येणार नाही. अनेक ओढ्यांचे पाणी एका तळ्यात मिसळावे, तशी सारी वीज तारांत मिसळते. त्यात डॉगर बँकेचा वारा असतो, कीडबीचा वायू असतो आणि ढग नसतील, तर थोडे ऊनही असते. त्या विजेवर रोज सकाळी लंडनची गाडी ब्रुनेलच्या चपट्या कमानींवरून जाते. खालून टेम्स वाहत असते. पावसाळी दिवसांत तिचे पाणी किती चढले, ते लोक पुलावरून वाकून पाहतात.